रोमानोव्ह दागिन्यांचे लिलाव : तक्ते तयार करतानाच्या नोंदी

४ ऑगस्ट

दिवाळीनंतर वाचनालयाच्या दालनात तक्ते लावायचे, हे नक्की झाले. पाहायला येणार ती रत्नपारखीचा अभ्यासक्रम करणारी मुले आणि सराफीतली माणसे. विषय मोठा आहे : क्रांतीनंतर रशियन राजघराण्याचे आणि सरदारांचे दागिने बाहेर कसे पडले आणि लंडन-जिनिव्हाच्या लिलावात कसे पोचले. सगळे घराणे घेतले तर भिंत पुरणार नाही आणि पाहणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. म्हणून मधोमध एकाच बाईची पेटी ठेवते : ग्रँड डचेस मारिया पावलोव्हना.

तिची निवड का केली, हे आधीच लिहून ठेवते. ती जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-श्वेरिनची राजकन्या, जन्म १८५४ चा. १८७४ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरचा मुलगा व्लादिमीर याच्याशी लग्न झाले. नेवा नदीच्या काठी त्यांचा व्लादिमीर महाल. दागिन्यांची हौस एवढी की कार्तिए, फाबर्जे, बोलिन हे त्या काळचे नावाजलेले जवाहिरे सगळे तिच्या उंबऱ्याशी. माझ्या कामासाठी मात्र महत्त्वाचे हे की एकाच पेटीतले दागिने अनेक वाटांनी बाहेर गेले. काही आख्खे विकले गेले, काही मोडले, काही नव्वद वर्षे कोणाच्या लक्षातच राहिले नाहीत. मालकीण एक, वाटा वेगळ्या. म्हणजे तुलना सरळ करता येते.

आराखड्याच्या कागदावर पहिला रकाना 'किंमत' आखला आहे. पाहणारा आधी तोच शोधतो.

९ ऑगस्ट

आज पेटी महालाबाहेर कशी पडली त्याचा तक्ता.

१९१७ साली क्रांती झाली तेव्हा मारिया पावलोव्हना दक्षिणेला, कॉकेशसमधल्या किस्लोव्होड्स्क या पाण्याच्या ठिकाणी होती. दागिने उत्तरेला पेट्रोग्राडच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, महालात, तिच्या खोलीतल्या तिजोरीत. तिचा एक इंग्रज स्नेही होता, बर्टी स्टॉपफर्ड. कलावस्तूंची पारख असलेला, दरबारात ऊठबस असलेला. उन्हाळ्यात तो महालात शिरला. कामगाराच्या वेशात गेला असे सांगतात. महालाचा राखणदार आणि तिचा मुलगा बोरिस यांची साथ होती. तिजोरी उघडून दागिने वर्तमानपत्रांच्या कागदांत गुंडाळले, चामड्याच्या साध्या प्रवासी पिशव्यांत भरले आणि सप्टेंबरमध्ये तो ते घेऊन इंग्लंडला निघाला. लंडनच्या बँकेत पेटी सुखरूप पोचली. त्याची त्या दिवसांची रोजनिशी पुढे १९१९ मध्ये लेखकाचे नाव न घालता छापली गेली.

ही हकीकत सांगताना सगळे साहसावर भर देतात. मला जास्त भिडते ते पुढचे. पेटी लंडनमध्ये, मालकीण रशियातच, आणि मधे यादवी युद्ध. ज्या दागिन्यांसाठी माणसाने जीव धोक्यात घातला त्यातला एकही त्या काळात तिच्या उपयोगी पडला नाही. धाकटा मुलगा आंद्रेई याच्यासोबत ती कॉकेशसमध्येच अडकली. १९२० च्या फेब्रुवारीत काळ्या समुद्रावरच्या नोव्होरोसिस्कहून तिने जहाज गाठले. रोमानोव्ह कुटुंबातून जे जिवंत सुटले त्यांतल्या अगदी शेवटच्यांपैकी ती. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला फ्रान्समध्ये कोंत्रेक्सेव्हिल इथे ती वारली. देश सुटल्यापासून मरेपर्यंत सात महिनेसुद्धा मिळाले नाहीत.

हे तक्त्यावर नकाशासह यायला हवे. चित्र काढणाऱ्या मुलाला दोन रेषा सांगितल्या आहेत : पेटीची एक, मालकिणीची एक. पेटीची पश्चिमेला, मालकिणीची दक्षिणेला आणि मग समुद्रावरून.

१० ऑगस्ट

तारखांबद्दल. रशियात १९१८ च्या फेब्रुवारीपर्यंत जुनी दिनदर्शिका होती, युरोपच्या १३ दिवस मागे. ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी उजाडली. १९१७ च्या घटना वेगवेगळ्या पुस्तकांत दोन-दोन तारखांनी दिसतात त्या यामुळे. तक्त्यांवर सगळीकडे नवी तारीखच घालायची. जिथे नुसता महिना पुरतो तिथे महिना.

१७ ऑगस्ट

वाटणीचा तक्ता. काका आज कारखान्यातून लवकर आले आणि माझ्यासोबत बसले. पन्नासएक वर्षे जडावाचे काम केलेला माणूस. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही तक्ता छापायला द्यायचा नाही, असे मी ठरवले आहे.

मारिया पावलोव्हनाने चार मुलांत दागिने रत्नांप्रमाणे वाटले. मोती थोरल्या किरिलला, पाचू बोरिसला, माणके आंद्रेईला, हिरे मुलगी एलेनाला.

काका म्हणाले, "आपल्याकडे हार थोरलीला, पाटल्या धाकटीला, अशी वाटणी होते. रंगावरून वाटणी मी पहिल्यांदा ऐकतोय."

मी म्हटले, "पण काका, त्यामुळे संच फुटला नाही ना. हार, कानातले, ब्रोच एका हातात राहिले."

"राहिले खरे. पण नड आली की एका हातातला संच एकदमच बाहेर जातो. चौघींत वाटलेला असता तर एखादीने तरी धरून ठेवला असता."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले, कारण पुढचे सगळे त्यातून उलगडते. चौघेही परदेशात, उत्पन्न काही नाही, राहणी मात्र अंगवळणी पडलेली. विकणे अटळ होते. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की घेणाऱ्याला दागिना हवा होता की नुसते दगड.

एलेनाच्या वाट्याचा टियारा, म्हणजे डोक्यावर घालायचा अर्धमुकुट, घ्या. १८७४ मध्ये लग्नासाठी बोलिनने घडवलेला : हिऱ्यांची एकमेकांत गुंतलेली पंधरा वर्तुळे आणि प्रत्येक वर्तुळात लोंबणारा मोती. तो १९२१ मध्ये ब्रिटनच्या राणी मेरीने २८,००० पौंडांना घेतला. त्याला इजा झाली होती, ती दुरुस्त करून घेतली, आणि पुढे १९२४ मध्ये मोत्यांच्या जागी अडकवता येतील असे पाचूचे लोलक करवले. पण वर्तुळे तशीच. पुढे दुसऱ्या एलिझाबेथने तो कितीदा तरी घातला, कधी मोती लावून, कधी पाचू लावून. बोलिनचा घाट आजही ओळखता येतो.

कारण सोपे आहे. मेरीला दागिना घालायचा होता. दुकानदाराने घेतला असता तर त्याने हिशोब केला असता : एवढे हिरे, एवढे मोती, बाकी मोड.

२८ ऑगस्ट

पाचूचा तक्ता. सगळ्यात जास्त वेळ याने घेतला आणि तो घ्यायलाच हवा होता.

या पाचूंमधला एक मोठा दगड अठराव्या शतकातली रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या काळापासून राजघराण्यात होता असे मानतात. दुसऱ्या अलेक्झांडरने तो व्लादिमीरच्या लग्नात दिला. आईच्या पश्चात बोरिसकडे. बोरिसने १९२७ मध्ये तो कार्तिएला विकला. तेव्हा वजन १०७.६७ कॅरेट. पुढे १९५४ च्या सुमारास न्यूयॉर्कचा रत्नव्यापारी राफाएल एस्मेरियान याने दगडातला दोष घालवण्यासाठी तो पुन्हा कापला आणि त्याला पेअरच्या फळासारखा आकार दिला. तो जॉन डी. रॉकफेलर धाकटा याने घेतला. १५ मे २०१९ ला जिनिव्हात ख्रिस्टीजच्या लिलावात तो हारातला लोलक म्हणून आला : वजन ७५.६१ कॅरेट, किंमत सुमारे ४३ लाख स्विस फ्रँक.

म्हणजे ३२ कॅरेट पाचू भुकटी होऊन गेला. सहा ग्रॅमहून जास्त.

हे ऐकून काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाचू कापताना हात थरथरतो. हिऱ्याला धार माहीत असते, पाचूला नसते. आतली एखादी रेष कुठे फिरेल सांगता येत नाही. त्याने कापला आणि पंचाहत्तर कॅरेटचा नितळ तुकडा उरवला, म्हणजे कारागीर मोठा."

मला एस्मेरियानला दोष द्यायचा नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्याने दगड वाचवला. पण विचार असा येतो : कॅथरीनच्या काळातला जो दगड लोकांनी पाहिला, तो आज जगात नाही. त्याच्या आतला एक भाग आहे. तरीही यादीत कॅथरीनचे नाव आहे, आणि ते खोटे नाही. ते नाव दगडाला चिकटून राहिले ते कार्तिए, एस्मेरियान, रॉकफेलर या सगळ्यांच्या वह्या एकापुढे एक जुळतात म्हणून. घाट गेला, वजन गेले, आकार गेला. कागद राहिला.

पेटीतल्या इतर पाचूंचे काय झाले तेही याच तक्त्यावर खाली द्यायचे. कार्तिएने त्यांचा लांब हार केला, तो शिकागोच्या एडिथ रॉकफेलर मॅकॉर्मिककडे गेला. तिच्या मृत्यूनंतर वुलवर्थ घराण्याची वारस बार्बरा हटन हिने ते पाचू घेतले. तिने १९४७ मध्ये कार्तिएकडूनच पाचू-हिऱ्यांचा एक दागिना करवला, जो हार म्हणूनही घालता येई आणि टियारा म्हणूनही. साठच्या दशकात तो विकला गेला आणि पाचू सुटे झाले. आज ते कोणाच्या अंगठीत, कोणाच्या कानात. एवढ्या मोठ्या संचाचे हे झाले, आणि प्रत्येक पायरीवर खरेदीदार श्रीमंतच होता. तेव्हा गरिबीच दागिना मोडते असे नाही. नवी मालकीण नवा घाट मागते, तेव्हाही तो मोडतोच.

'किंमत' रकाना उजवीकडे सरकवला. डावीकडे पहिला रकाना आता असा : 'तेव्हा काय होते, आता काय आहे'.

६ सप्टेंबर

उशांच्या अभ्र्यांची गोष्ट.

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये पेट्रोग्राडमधल्या स्वीडनच्या वकिलातीत मारिया पावलोव्हनाच्या वतीने दोन अभ्रे ठेवायला दिले गेले. आत कफलिंक, सिगरेटच्या डब्या, अशा छोट्या वस्तू : फाबर्जेचे काम, बोलिनचे काम, सोने, मीनाकारी. ते सामान पुढे स्टॉकहोमला परराष्ट्र खात्यात पोचले आणि तिथेच राहिले. कोणी मागायला आले नाही. २००९ च्या सुमारास जुन्या दप्तरात ते पुन्हा सापडले. वस्तूंवरच्या खुणांवरून मालकी ठरली, वारसांना परत दिले गेले आणि ३० नोव्हेंबर २००९ ला लंडनमध्ये सदबीज या लिलावगृहाने ते विकले. एकूण विक्री ७० लाख पौंडांच्या आसपास, आधी बांधलेल्या अंदाजाच्या कितीतरी पट.

सराफाच्या तराजूवर या वस्तूंचे वजन फारसे नाही. मोठे हिरे नाहीत, मोठे माणिक नाही. कफलिंकची जोडी ती केवढी! पण नव्वद वर्षांत एकही टाका नवा नाही, एकही दगड बदललेला नाही, पॉलिश करून कोणी ठसा पुसलेला नाही. फाबर्जेच्या कारखान्यातून निघाल्या तशाच. आणि कागद एका ओळीचा : महाल, वकिलात, खाते, वारस. मधे एकही रिकामी जागा नाही. मोठ्या पाचूच्या इतिहासात आपण हात धरून पायऱ्या चढतो, इथे चढायलाच लागत नाही.

मुलांना शिकवताना आम्ही रंग, नितळपणा, वजन, पैलू यांवर दिवस घालवतो, आणि ते योग्यच आहे. पण लिलावाच्या टेबलावर वस्तूची सलग हकीकत हा पाचवा गुण असतो, आणि कधी कधी तो आधीच्या चारांना मागे टाकतो. हा तक्ता सर्वांत मोठ्या अक्षरांत छापायचा.

१४ सप्टेंबर

आतापर्यंत घरच्या माणसांनी विकलेले. आता सरकारने विकलेले.

महायुद्ध सुरू झाले तेव्हा, १९१४ मध्ये, राजमुकुटाचा खजिना घाईघाईने पेटाऱ्यांत भरून मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये हलवला होता. ते पेटारे १९२२ मध्ये उघडले. खनिजशास्त्रज्ञ अलेक्सांद्र फेर्समन यांच्या देखरेखीखाली एकेका वस्तूचे वजन, माप, छायाचित्र झाले. १९२५-२६ मध्ये त्याची सचित्र सूची निघाली, परदेशी गिऱ्हाइकांना दिसावी अशी. विकण्यासाठी केलेली यादी, पण आज अभ्यासकाला तिच्याइतका आधार दुसरा नाही. त्यातल्या कित्येक वस्तू आज फक्त त्या छायाचित्रांतच आहेत. फेर्समनसारखा माणूस त्या कामावर नसता तर वस्तू तरीही विकल्या गेल्या असत्या, नुसत्या नोंदीवाचून. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

नॉर्मन वाइस नावाच्या व्यापाऱ्याने १९२६ मध्ये या खजिन्याचा एक भाग ५०,००० पौंडांना उचलला. १६ मार्च १९२७ ला लंडनमध्ये ख्रिस्टीजने त्याचा लिलाव केला, १२४ लॉट, म्हणजे एकेका बोलीला ठेवलेल्या वस्तू किंवा संच. त्यात रोमानोव्ह वधूंचा लग्नाचा मुकुट होता. १८९४ मध्ये शेवटची झारिना अलेक्झांड्रा हिने तो लग्नात घातला होता. तो ६,१०० पौंडांना गेला. पुढे हात बदलत १९६६ मध्ये अमेरिकेच्या मार्जरी मेरीवेदर पोस्ट यांनी लिलावात घेतला. आज वॉशिंग्टनमधल्या हिलवुड या त्यांच्या घराच्या संग्रहालयात तो कोणालाही पाहता येतो.

बाकी लॉटांचे बरेचसे काय झाले ते शोधत बसायचे नाही. मुकुट पुरेसा बोलतो.

१५ सप्टेंबर

किमतींबद्दल छोटी सूचना तक्त्यावर हवी. लंडनच्या दोन मोठ्या लिलावगृहांनी खरेदीदाराकडून वरची रक्कम घ्यायला १९७५ मध्ये सुरुवात केली. १९२७ चे ६,१०० पौंड म्हणजे हातोडा पडला ती बोली. २०१९ चे ४३ लाख फ्रँक म्हणजे बोली अधिक ती रक्कम. दोन्ही एकाखाली एक लिहून वजाबाकी करणाऱ्याला हे ठाऊक असायला हवे. महागाईचा हिशोब तर वेगळाच. म्हणून किमती तक्त्यावर द्यायच्या, पण आलेख काढायचा नाही.

२४ सप्टेंबर

आज दिवसभर एका खटल्यावर. दागिन्यांच्या प्रदर्शनात कायद्याचा तक्ता कशाला, असे ताईंनी विचारले. वाचनालयाचा सगळा कारभार त्या पाहतात, त्यांचे म्हणणे टाळून चालत नाही. मी त्यांना पूर्ण हकीकत सांगितली आणि त्यांनी स्वतःच म्हटले, "हा तक्ता दारासमोर लाव."

ओल्गा पालेय ही ग्रँड ड्यूक पावेल याची दुसरी बायको. पावेल हा व्लादिमीरचा सर्वांत धाकटा भाऊ, म्हणजे ओल्गा आणि मारिया पावलोव्हना या जावा. पावेलला जानेवारी १९१९ मध्ये पेट्रोग्राडच्या किल्ल्यात गोळी घातली. ओल्गाचा मुलगा व्लादिमीर पालेय, कविता करणारा, एकवीस वर्षांचा, त्याला त्याआधीच, जुलै १९१८ मध्ये, उरल भागातल्या अलापायेव्हस्कला मारले होते. ती देश सोडून निघाली. पेट्रोग्राडजवळच्या त्सारस्कोये सेलोमधले तिचे घर सरकारने ताब्यात घेतले, आतल्या वस्तूंसह.

१९२८ मध्ये त्यातल्या काही वस्तू लंडनमध्ये विक्रीला आल्या. घेणारा तोच, नॉर्मन वाइस. ओल्गाने लंडनच्या न्यायालयात दावा लावला : या वस्तू माझ्या आहेत, मी दिल्या नाहीत, मी विकल्या नाहीत. १९२९ मध्ये अपिलातही ती हरली. न्यायालयाचे म्हणणे असे, की ब्रिटनने १९२४ मध्ये सोव्हिएत सरकारला मान्यता दिली आहे. त्या सरकारने आपल्या हद्दीत, आपल्या कायद्याने जे जप्त केले त्याची उलटतपासणी इंग्लंडचे न्यायालय करणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओल्गा वारली.

या निकालाने लिलावाच्या बाजाराला मोकळी वाट करून दिली. घेणाऱ्याला आता भीती नव्हती, की उद्या पॅरिसच्या एखाद्या भाड्याच्या खोलीतून कोणी म्हातारी उठून दारात येईल. न्यायाधीशांची कायद्याची बाजू मला कळते. दोन सरकारांच्या मधे न्यायालय उभे राहिले तर व्यापार चालत नाही. पण दोन जावांकडे पाहिले की कळते ते वेगळेच : एकीच्या वस्तू तटस्थ देशाने नव्वद वर्षांनी वारसांना परत दिल्या, दुसरीला आपल्याच घरातल्या वस्तू डोळ्यांदेखत विकल्या जाताना पाहाव्या लागल्या. दोघींचा वस्तूंवरचा हक्क सारखाच होता. फरक पडला तो वस्तू कोणत्या दारातून बाहेर गेल्या, एवढ्याने.

सलग हकीकत, असे मी ६ सप्टेंबरला लिहिले. वाइसकडच्या वस्तूंची हकीकतही सलगच होती. सलग असणे आणि न्याय्य असणे या दोन गोष्टी मुलांना वेगवेगळ्या सांगायच्या.

३ ऑक्टोबर

आज नगरच्या हिऱ्याचा तक्ता. हा लिलावात कधीच आला नाही आणि म्हणूनच इथे हवा.

क्रेमलिनच्या हिरे-भांडारात 'शाह' नावाचा हिरा आहे. ८८.७ कॅरेट, लांबट, किंचित पिवळसर झाक, पैलू जवळजवळ नाहीत. त्यावर तीन नावे कोरली आहेत. पहिले बुऱ्हाण निजामशहा दुसरा, हिजरी १०००, म्हणजे १५९१-९२. हा अहमदनगरचा सुलतान. दुसरे शाहजहान, हिजरी १०५१. तिसरे इराणचा फतेह अली शाह काजार, हिजरी १२४२. १८२९ मध्ये तेहरानमध्ये जमावाने रशियाचा वकील, नाटककार ग्रिबोयेदोव्ह, याला ठार मारले. तेव्हा इराणच्या राजपुत्राने झार पहिल्या निकोलसला जे नजराणे दिले त्यात हा हिरा गेला.

नगर, आग्रा-दिल्ली, तेहरान, पीटर्सबर्ग, मॉस्को. प्रत्येक वेळी लढाई, लूट किंवा खून. पण कोणी तो कापला नाही. का कापला नाही याचे कारण मला त्या अक्षरांत दिसते. पैलू पाडायचे तर नावे जाणार, आणि प्रत्येक नवा मालक आधीच्या नावांखाली आपले नाव लिहून मोठा होत होता. इतर दगडांचा कागद वेगळा असतो आणि हरवू शकतो. याचा कागद त्याच्याच अंगावर आहे.

चित्र काढणाऱ्या मुलाचे आजोळ नगरचे. तो मला म्हणाला, "ताई, आमच्या किल्ल्यात चांदबीबी शिकवली, हा हिरा कोणी नाही शिकवला." बुऱ्हाण हा चांदबीबीचा सख्खा भाऊ. आता तो हा तक्ता सगळ्यांत मन लावून करतो आहे. तिन्ही लेख मूळ वळणात उतरवून घेणार आहे.

याच्या शेजारी नाशिकचा हिरा लावावा असे काकांचे म्हणणे, आणि ते बरोबर आहे. त्र्यंबकेश्वराचा, १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती पडलेला. १८३७ मध्ये लंडनला लिलावात विकला गेला. इंग्लंडमध्ये कापून ८०.५९ कॅरेटचा केला होता. १९४० मध्ये न्यूयॉर्कला हॅरी विन्स्टनने पुन्हा कापून ४३.३८ चा केला. १९७० मध्ये तिथेच पुन्हा लिलाव, पाच लाख डॉलर. रशियन नाही, पण पाचूची गोष्ट ज्याला कळली त्याला ही कळतेच. शाह हिऱ्याखाली चौकटीत, लहान.

१२ ऑक्टोबर

युसुपोव्ह घराण्याला एकच तक्ता. रोमानोव्ह नव्हेत, पण रशियातले अतिश्रीमंत सरदार. शेवटच्या झारच्या दरबारात वजन असलेला साधू रास्पुतिन याच्या खुनात सामील असलेला फेलिक्स याच घरचा. त्याने परदेशी नेले ते थोडे. घरात दडवलेले बरेचसे १९२५ मध्ये सरकारला सापडले. नेलेल्यांपैकी 'ध्रुवतारा' हा ४१.२८ कॅरेटचा हिरा कार्तिएमार्फत विकला गेला आणि पुढे १९८० मध्ये जिनिव्हाला लिलावात आला.

मला यातली 'ला रेजांत' मोत्याची हकीकत विशेष वाटते. तो आधी फ्रान्सच्या राजमुकुटाचा होता. फ्रेंच प्रजासत्ताकाने १८८७ मध्ये राजमुकुटाचे दागिने जाहीर लिलावात विकून टाकले, पुन्हा कोणी राजा त्यावर हक्क सांगू नये म्हणून. फाबर्जेने तो मोती घेतला आणि तो झिनाइदा युसुपोव्हाकडे आला. तीस वर्षांत त्या घरावरही तीच वेळ आली. २००५ मध्ये जिनिव्हात तो २५ लाख डॉलरला गेला. मोत्याला कापता येत नाही, म्हणून तो तेवढाच राहिला.

२१ ऑक्टोबर

सगळे तक्ते काकांच्या नजरेखालून गेले. त्यांनी दोन ठिकाणी 'कोंदण' शब्द बदलून घेतला, कारण परदेशी दागिन्यांत दगड आकड्यांनी धरलेला असतो, आपल्यासारखा पत्र्यात दाबलेला नसतो. एका ठिकाणी त्यांनी चित्र परत काढायला लावले : टियाराच्या वर्तुळांची गुंफण उलट्या दिशेने दाखवली गेली होती.

क्रम असा ठरला. दारासमोर ओल्गा पालेय. मग नकाशा, वाटणी, टियारा, पाचू. समोरच्या भिंतीवर अभ्रे, एकटेच. त्यानंतर १९२७, युसुपोव्ह, आणि शेवटच्या भिंतीवर शाह हिरा, खाली चौकटीत नाशिक.

नीलमणी राहिले होते, ते आज घातले. कार्तिएने १९०९ मध्ये मारिया पावलोव्हनासाठी केलेला नीलमण्यांचा कोकोश्निक टियारा (रशियन बायकांच्या पारंपरिक शिरोभूषणाच्या घाटाचा) रोमानियाच्या राणी मारीने घेतला, तिने मुलगी इलेयानाला दिला. इलेयाना १९४८ मध्ये देश सोडून गेली तेव्हा तो तिच्याजवळ होता. पुढे अमेरिकेत संसार चालवण्यासाठी विकला, आणि तो तसा उरला नाही. याउलट मारिया पावलोव्हनाचा नीलमणी-हिऱ्यांचा ब्रोच आणि जोडीची कर्णभूषणे १० नोव्हेंबर २०२१ ला जिनिव्हात सदबीजकडे एकत्रच आली आणि ८ लाख ६ हजार ५०० फ्रँकना विकली गेली, अंदाजाहून बरीच वर. एकाच पेटीतले निळे दगड, दोन शेवट. हे दोन्ही एकाच तक्त्यावर, शेजारी-शेजारी.

किमतीचा रकाना शेवटी सगळ्यांत उजवीकडे, लहान अक्षरांत आहे. ताईंनी विचारले, लोक आधी तेच वाचतील ना? वाचू देत. पण तिथपर्यंत डोळा पोचेतो वजन, घाट आणि हातोहातची नावे वाटेत लागतील.

छपाईला उद्या देते. जिनिव्हाचे मोठे लिलाव मे आणि नोव्हेंबरमध्ये असतात, म्हणजे प्रदर्शन लागेल त्याच सुमारास नवी सूची येईल. त्यात रशियन मूळ असलेला एखादा दागिना निघाला तर त्यासाठी अभ्र्यांच्या भिंतीवर उजव्या हाताला एका तक्त्याची जागा मोकळी ठेवली आहे. मुलांनी सूची वाचून हकीकतीतल्या रिकाम्या जागा स्वतः शोधायच्या आणि त्या तक्त्यावर पेन्सिलीने भरायच्या. त्यासाठी आखलेले कोरे कागद शंभर सांगितले आहेत.